पथ्याचे गोड आणि गोडाचे पथ्य

गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या कोणत्याही घरी जेवावयास बसले की पानावर उकडीचा मोदक येतो आणि त्यावर तुपाची धार पडते. मुंबईचा चाकरमानी ज्या ओढीने रत्नागिरीकडच्या आपल्या गावी येतो, त्या ओढीत या मोदकाचाही वाटा असतो असे म्हटले तर कोणी रागावणार नाही. परंतु हल्ली पुष्कळ घरांच्या पंगतीत एखादे पान असे असते की, त्याच्यापाशी आल्यावर वाढणारीचा हात थबकतो. ‘यांना चालत नाही’ असे कोणीतरी हलक्या आवाजात सांगते. मग त्या पानावर एक तर काहीच पडत नाही, नाही तर ‘शुगर-फ्री’ असे छापलेल्या डब्यातून काढलेले काहीतरी पडते. पहिल्या प्रकारात त्या माणसाचा अवमान होतो आणि दुसऱ्या प्रकारात बहुधा त्याची फसवणूक होते. तिसराही एक प्रकार आहे. ‘खा हो अप्पा, एका मोदकाने काय होते?’ असा आग्रह करून प्रेमाने तीन मोदक वाढले जातात आणि त्याची किंमत अप्पांच्या डोळ्यांना, पायांना व मूत्रपिंडांना हप्त्याहप्त्याने चुकवावी लागते.

सणावाराच्या गोडाची ही चर्चा किरकोळ वाटण्याचा संभव आहे; पण आकडे तसे सांगत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील १ लाख १३ हजार स्त्रीपुरुषांची तपासणी करून काढलेल्या त्या अनुमानाप्रमाणे देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. देशाचे सरासरी प्रमाण शेकडा ११.४ असताना गोव्याचे प्रमाण शेकडा २६.४, म्हणजे सर्व राज्यांत अधिक भरले. गोवा रत्नागिरीला परका नाही. भात, नारळ आणि मासे हे रोजचे जेवण व गूळखोबऱ्याचे सणाचे पक्वान्न दोन्हीकडे एकच आहे. केवळ आहाराने मधुमेह होतो असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि शेजाऱ्याच्या घरी एवढी पडझड झालेली दिसत असताना आपल्या घराचे वासे तपासून पाहण्यात शहाणपण आहे.

‘आम्ही कुठे लठ्ठ आहोत?’ हा कोकणी माणसाचा नेहमीचा युक्तिवाद आहे. त्याला पुण्यातूनच उत्तर मिळालेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. वजनात एवढी तफावत असूनही त्वचेखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणजे दिसावयास कृश, पण अंगात चरबीचा वाटा अधिक, अशी ही ठेवण जन्मापासूनची आहे. तेव्हा शिडशिडीत अंगकाठी हा मधुमेहाविरुद्धचा ताम्रपट नव्हे. पथ्याच्या पानावर जो विचार व्हावयाचा, तो त्याच पंगतीतील निरोगी दिसणाऱ्या इतर पानांवरही व्हावयास हवा, याचे कारण हेच.

आता त्या ‘शुगर-फ्री’ डब्याकडे वळू. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दावे यांसंबंधी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली केलेल्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमहून अधिक शर्करा नसेल तर त्याला साखरमुक्त म्हणता येते. नियम आपल्या जागी योग्य आहे; पण तो शर्करेपुरता बोलतो, मैद्याविषयी काहीच बोलत नाही. मैद्यातील पिष्टाचे पोटात गेल्यावर ग्लुकोजच होते. शंभर ग्रॅम मैद्यात पाऊणशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. साखरेचा कणही न घालता केलेले मैद्याचे बिस्किट कायद्याने साखरमुक्त ठरेल आणि तरीही रक्तातील साखर वाढवील. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा मामला आहे.

घरगुती समजुतीही याहून फारशा वेगळ्या नाहीत. साखर वाईट पण गूळ चालतो, मध तर औषधच, आणि नाचणी असली की मग किती खाल्ले तरी हरकत नाही, असे शिकलीसवरलेली माणसेही निःशंकपणे सांगतात. गुळात लोह व इतर क्षार थोडेफार असतात हे खरे, पण त्याचा मोठा भाग साखरेचाच असतो. आंबापोळी वाळविताना आंब्यातले पाणी उडून जाते आणि साखर मागे राहते. नाचणीत कॅल्शियम भरपूर व तंतू चांगले असले तरी शंभर ग्रॅम पिठात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात, आणि पीठ जितके बारीक दळावे तितके ते लवकर पचते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, त्यानंतर नाचणीच्या बिस्किटांना बाजारात मान आला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु नाचणीच्या नावाखाली निम्मा मैदा, वनस्पती तूप आणि पिठीसाखर विकली जात असेल, तर तो मान नाचणीला मिळालेला नसून वेष्टनाला मिळालेला आहे.

मग मधुमेही माणसाने गोड खावे की नाही? या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देताच येत नाही. ते ‘किती’ आणि ‘कशाच्या बदल्यात’ असेच द्यावे लागते. एका मध्यम उकडीच्या मोदकाला २० ग्रॅम तांदळाची पिठी आणि १५ ग्रॅम गूळ लागतो असे धरावे. पिठीतून १६ व गुळातून १३ मिळून कर्बोदके ३० ग्रॅमच्या घरात जातात. पंचवीस ग्रॅम कणकेच्या पोळीत ती १६ ग्रॅम असतात. म्हणजे एक मोदक हा जवळजवळ दोन पोळ्यांच्या, किंवा वाटीभर शिजलेल्या भाताच्या बरोबरीचा आहे. हा हिशेब ज्याला समजला, तो त्या दिवशी भाताची वाटी बाजूला सारून एक मोदक सन्मानाने खाऊ शकेल. ज्याला तो समजला नाही, तो तीन मोदकांवर भात खाईल, नाही तर मोदकाकडे पाहून उसासा टाकील. अर्थात, कोणाला किती चालेल हे त्याच्या औषधांवर व तपासणीवर अवलंबून असल्याने त्याचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा.

भट्टीत भाजलेल्या गोडाची गोष्ट थोडी निराळी आहे. बिस्किटात वा नानकटाईत साखर केवळ गोडीसाठी नसते. तिच्यामुळे पदार्थाला रंग येतो, तो पसरतो, खुसखुशीत होतो. ती सर्वस्वी काढून टाकली की हाती पांढुरकी, कोरडी वडी येते. तिच्या जागी जे पर्याय येतात त्यांचेही गुणदोष आहेत. ॲस्पार्टेमची गोडी भट्टीच्या उष्णतेत टिकत नाही. सुक्रालोज त्या मानाने टिकते, पण पदार्थाला अंग देत नाही. स्टीव्हियाची कडवट चव जिभेवर रेंगाळते. माल्टिटॉल अंग देते, परंतु रक्तातील साखर काही प्रमाणात वाढवितेच, आणि जास्त खाल्ल्यास पोट बिघडते. तेव्हा अधिक सरळ मार्ग साखर कमी करण्याचा आणि मैदा बदलण्याचा आहे.

उदाहरणार्थ, १०० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम तूप आणि ६० ग्रॅम पिठीसाखर यांच्या सोळा नानकटाया केल्या, तर प्रत्येकीत ८ ग्रॅमच्या पुढे कर्बोदके येतात. त्याऐवजी ६० ग्रॅम कणीक, भाजलेल्या शेंगदाण्यांचे ४० ग्रॅम बारीक कूट, ५० ग्रॅम तूप आणि ३५ ग्रॅम साखर घ्यावी. शेंगदाण्यांना स्वतःचे तेल असल्याने तूप कमी केले तरी चालते. वेलची आणि कोकणच्या वाडीतलेच जायफळ सढळ हाताने घातले की साखर कमी पडल्याचे जिभेला सहसा जाणवत नाही, कारण गोडीच्या जाणिवेत नाकाचाही वाटा असतो. अशा सोळा नानकटाया केल्या तर एकीत ५ ग्रॅम कर्बोदके भरतात. चहाबरोबर दोन खाल्ल्या तरी दहाच ग्रॅम होतात. तूप व शेंगदाणे यांच्या उष्मांकांमुळे डबा मात्र समोर ठेवून बसू नये. यात परदेशी पीठ नाही, महाग बदाम नाही. शिक्षकाच्या वा कारकुनाच्या पगारात बसेल असाच हा खर्च आहे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. जे इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांची साखर कधी कधी ७० च्या खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, शुद्ध हरपण्याची वेळ येते. त्या क्षणी खरी साखरच द्यावी लागते. सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून. तेव्हा साखरमुक्त बिस्किट उपयोगाचे नाही आणि तुपातली नानकटाईही नाही, कारण तूप पचनाला वेळ लावते. मात्र माणूस बेशुद्ध झाला असेल तर त्याच्या तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. साखरेला सरसकट विष ठरविणाऱ्या घरात नेमक्या वेळी साखर देण्यास हात कचरतो, आणि ते जिवावर बेतू शकते.

पथ्य म्हणजे वर्ज्य, हा अर्थ समाजमनात इतका खोल का रुजला, याचेही कारण आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी याच रत्नागिरीत झाला. त्यांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिणाऱ्या या पुरुषाला जेवणाचे पथ्य सांभाळूनच दिवस काढावे लागले. १ ऑगस्ट १९२० रोजी ते निवर्तले. पुढच्याच वर्षी कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते एका चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम टोचण्यात आले. त्याआधीच्या पिढ्यांपाशी खाणे तोडण्यावाचून दुसरे शस्त्रच नव्हते. औषध बदलून शंभर वर्षे लोटली; पथ्याची कल्पना मात्र टिळकांच्या काळातच राहिली.

आणखी एक मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये वापरू नयेत, अशी शिफारस केली. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती शिफारस लागू नाही. परंतु घरातील इतर मंडळींना आणि मुलांना ती लागू आहे. सबब, अप्पांसाठी वेगळा डबा आणि मुलांसाठी दुप्पट साखर, हा बेत दोन्ही बाजूंनी चुकीचा ठरतो. सगळ्यांसाठी एकच, कमी गोड आणि मोजून केलेला पदार्थ, हाच त्यातून निघणारा मार्ग आहे. त्यात अप्पांचे पान वेगळे राहत नाही, आणि मुलांची जीभ लहानपणीच शहाणी होते.

हे घडावयाचे तर काही कामे बाहेरही व्हावी लागतील. नाचणीचे लाडू व बिस्किटे करणारे महिला बचत गट आणि गावोगावच्या बेकऱ्या यांनी वेष्टनावर ‘मधुमेहींसाठी उत्तम’ असे मोघम आश्वासन छापण्याऐवजी एका नगाचे वजन आणि त्यातील कर्बोदके ठळक अक्षरांत छापावीत. घटक व त्यांची वजने ठाऊक असली की हे गणित पाचवीतल्या मुलालाही येईल. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने गटांना त्यासाठी साधे तक्ते करून द्यावेत. आणि शाळांतील शिक्षकांनी त्रैराशिकाच्या उदाहरणांत आंब्याच्या पेट्यांबरोबर मोदकाचे गणितही घालावे; ते घरी आजोबांच्या उपयोगी पडेल.

साखरेचे खाणार त्याला देव देणार, असे जुनी माणसे म्हणत. देवाने कोकणाला नारळ, जायफळ, नाचणी आणि आंबा हे सगळे दिलेच आहे. तोलून मापून वाढणे मात्र माणसाच्या हाती आहे. पुढच्या चतुर्थीला वाढणारीचा हात त्या एका पानापाशी थबकू नये आणि तेथे आग्रहही होऊ नये. इतरांच्या पानावर पडेल तोच मोदक तेथेही पडावा, आणि तो एकच का, हे पंगतीतल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.