वकीलसाहेब, आमचे वकीलपत्र कुठे गेले?

पेडण्याच्या शेतकऱ्याला नि मोरजी-हरमलच्या रापणकाराला कोर्टकचेरी नवी नाही. कुळाचा खटला मामलेदाराकडे, तारखेमागून तारीख, आणि अर्ज लिहायला पैसे मोजून माणूस धरायचा! अशा लोकांना आपल्यातला एक वकील वर्षानुवर्षे विधानसभेत बसला याचे अप्रूप वाटणारच. मांद्र्याचे अ‍ॅड. रमाकांत खलप हे ते वकील.

त्यांचे श्रेय नाकारणारे आम्ही नव्हे. १९८० च्या निवडणुकीनंतर शशिकलाताई काकोडकर आणि मगोचे बहुतेक आमदार काँग्रेसच्या दारी गेले, तेव्हा हा गडी सिंहाच्या निशाणीखाली राहिला. विरोधी बाक त्यांनीच सांभाळला. १९९० मध्ये उपमुख्यमंत्री, १९९६ मध्ये उत्तर गोव्याचे खासदार, लगेच दिल्लीत कायदा राज्यमंत्री. ही मजल लहान नव्हे.

पण बंधूंनो, सवाल पदांचा नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी १,३८,१७० लोकांनी फुलावर शिक्का मारला. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली; आपण ३४,०२१ मतांनी हरलो. हरलो म्हणून आपली मागणी खोटी ठरली काय? त्या सव्वा लाखाहून अधिक लोकांचे वकीलपत्र मगोच्या हाती होते. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी काँग्रेस राजवटीने देवनागरी कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीला सरकारी वापराची मुभा देऊन ओसरीवर बसवले. पाठोपाठ ३० मे रोजी घटक राज्य आले. राजभाषा कुठली आणि वापराची मुभा कुठली, हा फरक कायद्याच्या माणसाला आम्ही सांगावा काय?

१९९० मध्ये सत्तेत वाटा मिळाला. शशिकलाताईंनी शिक्षणमंत्री म्हणून प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेच्या माध्यमाला बांधले. ते काम चोख झाले, म्हणायलाच हवे. राजभाषेच्या कायद्यातले ते कलम मात्र जागचे हलले नाही.

पुढे खलपसाहेब त्याच काँग्रेसमध्ये गेले. २०२४ ची लोकसभा त्यांनी हाताच्या निशाणीवर लढवली नि हरले. पक्ष बदलायचा हक्क त्यांचा. पण पक्षकाराला न विचारता वकील दुसऱ्या बाजूला उभा राहिला, तर वाड्यावर त्याला काय म्हणतात ते सांगायला नको.

मगोच्या आजच्या आमदारांकडेही आमचा एकच अर्ज आहे. मामलेदार कुळाला-मुंडकाराला जो निकाल देतो, त्याची प्रत मराठीत द्यावी, असा ठराव पुढच्या अधिवेशनात मांडा. कोण हात वर करतो ते आम्ही गॅलरीत बसून मोजू.