शिकलगाराशिवाय तलवारीचा इतिहास अपुरा

१/ दरवर्षी खंडेनवमीला समाजमाध्यमांवर तलवारींची छायाचित्रे झळकतात. घाट कोणता, मूठ कोणती, सरदार कोण, यावर हिरिरीने चर्चा होते. त्या पात्याला धार कोणी लावली, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो. माझ्या मते इतिहासप्रेमींनी हा प्रश्न आता विचारायलाच हवा.

२/ उत्तर आहे शिकलगार. अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून झळाळी आणणे. त्याला फारसीतला ‘गर’ हा कर्तृवाचक प्रत्यय लागला. लोहार पाते घडवी, शिकलगार त्याला धार आणि चकाकी देई. ही दोन निरनिराळी कौशल्ये होती.

३/ ‘दाढी होईल अशी धार’ असे आपण सहज म्हणतो. तीत दोन गोष्टी असतात : पात्याचा कोन आणि कडेची सूक्ष्मता. वस्तऱ्याचा कोन दोन्ही बाजू मिळून सुमारे १५ ते २० अंश असतो. घाव घालणाऱ्या जड पात्याला तो ४० अंशांच्या आसपास ठेवावा लागतो, नाहीतर कड दुमडते किंवा तिचा टवका उडतो. तरीही कड पुरेशी बारीक झाली, तर असे जड पातेही हातावरचा केस उतरवते.

४/ हे साधते कसे? खरखरीत दगडावर एकाच कोनात पाते घासत राहायचे. दुसऱ्या बाजूला धातूची बारीक लव उभी राहिली, की कड गाठली असे समजायचे. मग बाजू बदलायची. पुढे बारीक दगड, हलका हात आणि शेवटी चामड्याचा पट्टा. लांब पात्यात मुठीपासून टोकापर्यंत कोन ढळू न देणे हीच खरी परीक्षा.

५/ शिकलगाराच्या साणेचे जुने चाक कुरुंदाची पूड लाखेत बसवून केलेले असे. ‘कॉरंडम’ हा इंग्रजी शब्द तमिळ ‘कुरुंदम’वरून आला. १८९०च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने कृत्रिम घर्षक बनवून त्याला ‘कार्बोरंडम’ म्हटले. त्या नावातही आपला कुरुंद आहेच.

६/ विजेच्या कोरड्या चाकावर घाई केली तर पाते तापते. कड निळी पडली, म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले आणि पोलादाचे पाणी उतरले. ‘पाणीदार’ हा शब्द आपण माणसांसाठीही वापरतो; तो मुरला आहे असल्या ज्ञानात.

७/ मे १८१८ मध्ये मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला. पुढे १८७८चा शस्त्र कायदा आला. तलवारींचे काम आटले. साण मात्र थांबली नाही. विडी वळणाऱ्या बायकांची पाने कापायची कात्री, खाटकाचा सुरा, ऊसतोडीचा कोयता, सगळ्यांनाच धार लागते.

८/ ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मजुरी टनावर मिळते. कोयता बोथट असेल तर घाव वाढतात, खांदा भरून येतो आणि टन तेवढेच राहतात. आपल्याला मात्र कोयता म्हटला की बातम्यांतली ‘गँग’ आठवते.

९/ ‘शिकलगारांचा पुरावा कुठे आहे?’ असे कुणी विचारेल. धार लावणे म्हणजे धातू झिजवणे. घडवणाऱ्याची मुद्रा पात्यावर टिकते. धार लावणाऱ्याचे काम पुढच्या घासणीत पुसले जाते. पण म्हणून विस्मरण अटळ ठरत नाही. जपानमध्ये तलवारी घासून उजळणाऱ्या होनामी घराण्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या आदराने घेतले जाते.

१०/ म्हणून दोन विनंत्या. पहिली : घरातल्या जुन्या तलवारीने कागद चिरून दाखवण्याच्या हौसेपायी तिला नव्याने धार लावू नका. प्रत्येक घासणीबरोबर जुन्या हाताच्या खुणा जातात. ते पाते आता साधन उरलेले नाही, तो पुरावा आहे.

११/ दुसरी : गल्लीत सायकलवर साण फिरवणारा माणूस आला, तर विळी घेऊन खाली उतरा. त्याची परवानगी घेऊन दगडांची नावे, कोन जोखण्याची रीत, त्याचे खास शब्द लिहून घ्या. त्याला घाई असेल तर धारेचे पैसे द्या आणि पुढच्या फेरीची वाट पाहा. दफ्तरखान्यात जे सापडणार नाही, ते त्याच्या मनगटात आहे.