आधी मुखत्यारपत्र, मग पुढारीपण!

'अर्ज करून आणि सह्या गोळा करून कोणाचे भले झाले आहे?' असे विचारणारे महाभाग पांढुर्णा-सौंसरच्या बाजारपेठेत पूर्वीही होते, आजही आहेत. त्यांच्याच जोडीला चार टाळकी जमवून 'जनता आमच्यामागे आहे' अशी द्वाही फिरविणारे स्वयंघोषित पुढारीही आहेत. या दोघांनाही आम्ही एका वकिलाचे चरित्र वाचावयास सांगतो.

गणेश वासुदेव जोशी हे त्यांचे नाव. लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणत. जन्म १८२८ चा, साताऱ्याचा, वकिली पुण्यात. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी तक्रारी उठल्या, तेव्हा प्रश्न उभा राहिला, की लोकांच्या वतीने बोलणारे तुम्ही कोण? काकांनी या प्रश्नाला शिवीगाळीने उत्तर दिले नाही. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि तिने नियम केला, की जो सभासद होऊ इच्छितो त्याने किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. सुमारे ६,००० लोकांनी अशा रीतीने ९५ प्रतिनिधी नेमले. ज्या देशात मताचा हक्क नव्हता, तेथे काकांनी तो सह्यांतून निर्माण केला!

त्याच १८७० साली डब्लिनमध्ये आयझॅक बट यांनी होमरूलची चळवळ उभारली. पण आयर्लंडचे शंभरावर सभासद पार्लमेंटात बसत होते. हिंदुस्थानचा एकही नव्हता. १८७५ मध्ये सभेने पार्लमेंटाकडे प्रतिनिधित्व मागितले. ते मिळाले नाही. म्हणून काका घरी बसले काय? १८७६-७८ च्या दुष्काळात सभेने गावोगावची हकीकत मिळवून सरकारपुढे ठेवली. १८७७ च्या दिल्ली दरबारात काका हातच्या सुताचे जाडेभरडे कापड नेसून गेले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. २५ जुलै १८८० रोजी ते वारले. पदवी नाही, खुर्ची नाही.

सभा मुख्यतः शिकल्यासवरल्यांची व इनामदार-सरदारांची होती, शेतकरी तीत नव्हता, हा जोतीराव फुल्यांचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण त्याने मुखत्यारपत्र खोटे ठरत नाही. ते अपुरे ठरते. ज्यांच्या सह्या राहिल्या, त्यांच्या दारी जाणे एवढाच त्याचा अर्थ.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचे तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. दोन्ही वेळी आमच्या वतीने बोलणारे पुष्कळ होते. कापूस वेचणाऱ्या बाईची व संत्र्याच्या बागेतील मजुराची सही कितीजणांच्या खिशात होती?

यापुढे जो कोणी 'जनता' हा शब्द उच्चारील, त्याला बांधवांनी एकच विचारावे: तुझ्या ५० सह्या कोठे आहेत?