चिंगीची नोकरी

गेल्या वर्षी दसऱ्याला चार दिवस असताना आमच्या घरात एक हुकूम सुटला. सोडणारा मीच. "दिवाळीच्या आत ही मांजर या घरातून गेली पाहिजे!"

वाचकहो, माझे हुकूम घरात कुणी फारसे मनावर घेत नाही. सकाळचं वर्तमानपत्र आधी मला मिळावं, पंखा मी म्हणेन तेव्हाच बंद व्हावा, असले हुकूम मी सोडतो आणि ते हवेत विरतात. त्या संध्याकाळी मात्र कुणी हसलं नाही. आई खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर होता आणि घोट्याला गुंडाळलेल्या पंच्यातून रक्त पाझरत होतं. आईचं वय ८२. हृदयाच्या दुखण्यासाठी तिला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. दुसऱ्या कुणाचं रक्त पाच मिनिटांत थांबलं असतं, ते तिचं पाऊण तास थांबेना. साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं पाय धुतला, दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं झाली, आणि घरी परतल्यावर मी वरचा हुकूम सोडला.

आरोपी चिंगी सोफ्याखाली बसून अंग चाटत होती. पश्चात्तापाचं चिन्ह म्हणाल तर नाही. आठ दिवसांतला हा तिसरा हल्ला. आधीचे दोन नुसते ओरखाडे होते, म्हणून आईनं ते आमच्यापासून लपवले होते.

चिंगी आमच्याकडे आली ती त्याआधीच्या पावसाळ्यात. इमारतीखाली एका स्कूटरच्या चाकाशी ओलं होऊन बसलेलं मूठभर पिल्लू माझ्या नातीनं पदरात, म्हणजे फ्रॉकच्या घेरात, घालून वर आणलं. आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. मांजर पडू नये म्हणून खिडक्यांना जाळ्या लावल्या, वेळच्या वेळी लसी टोचल्या, दोन्ही वेळा वाटी भरून खाणं दिलं. आणखी काय करायचं असतं मांजरासाठी? गिरगावातल्या आमच्या चाळीत चार मांजरं होती. ती कुणाची होती हे कुणालाच माहीत नव्हतं आणि त्यांची करमणूक करायला हवी असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

हुकूम ऐकून नातीनं माझ्याशी बोलणं बंद केलं. आमची ही बोलली, पण एवढंच: "अहो, काढायची तर काढा. पण आधी तिला कुणाला तरी दाखवा. माणूस असं वागायला लागला तर आपण विचारतो ना, बाबा रे, तुला होतंय काय?"

म्हणून दुसऱ्या दिवशी वेताच्या टोपलीत चिंगीला घालून मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तिचे दात पाहिले, सांधे चाचपले, पोट दाबून पाहिलं. कुठे दुखत असलं तरी मांजर चावते, म्हणून आधी ते पाहायचं, असं त्यांनी सांगितलं. दुखत काही नव्हतं. मग माझी उलटतपासणी सुरू झाली.

"काका, ही दिवसभर करते काय?"

"काही नाही. खाते आणि झोपते."

"खाणं किती वेळात संपतं?"

"तीन-चार मिनिटं."

"दोन वेळचं मिळून सात-आठ मिनिटं. म्हणजे हिला दिवसाला सात-आठ मिनिटांचं काम आहे. उरलेल्या वेळात तिनं काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे?"

मी गप्प बसलो. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न घरातही अधूनमधून विचारला जात होता.

बाईंनी मग जे सांगितलं ते मला आजवर ठाऊक नव्हतं. मोकळी मांजर दिवसातून दोनदा जेवत नाही. ती उंदराएवढे लहान लहान घास दहा-वीस वेळा मिळवते, आणि त्या प्रत्येक घासापायी दबा धरणं, सरपटणं, झेप घेणं आलं. कित्येक झेपा फुकट जातात, की पुन्हा दबा. तिचा दिवस यातच जातो. पोट भरलं म्हणून ही ऊर्मी जात नाही. माणसानं धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर, असा आपला आणि तिचा संबंध. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरलेल्या माणसाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला आहे. इतकी जुनी नोकरी! ती आम्ही सहाव्या मजल्यावर आणून एका वाटीच्या बदल्यात काढून घेतली होती.

"आणि हल्ला होतो तो संध्याकाळी," बाई म्हणाल्या. मी चमकलो, कारण वेळ मी सांगितलीच नव्हती. मांजराची शिकारीची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. आमची आई बरोबर त्याच वेळी दिवा लावायला आतल्या खोलीतून देवघराकडे निघते. पॅसेजमध्ये अंधूक उजेड, पावलं सावकाश, आणि पायाशी जमिनीवरून सळसळत जाणारा लुगड्याचा काठ. चिंगीला त्यात आजी दिसत नव्हती. तिला काठ दिसत होता.

मी हुकूम महिनाभर तहकूब केला. आईनं लुगडं चार बोटं वर नेसावं आणि पॅसेजमध्ये दिवा लावावा, ही पहिली व्यवस्था झाली. दुसरी म्हणजे चिंगीला काम देणं. तिथे माझी फजिती सुरू झाली.

प्रथम मी खेळणी मागवली. सातशे रुपयांची. घुंगराचा चेंडू, चावीचा उंदीर, प्लॅस्टिकचा मासा. चिंगीनं चेंडूला एकदा नाक लावलं, माशाकडे पाठ केली आणि ती खेळणी ज्या खोक्यातून आली त्या खोक्यात जाऊन बसली. त्या खोक्याला मात्र ती चार दिवस सोडीना. खोकं म्हणजे दबा धरायची हक्काची जागा, हे मला नंतर कळलं. सातशे रुपयांत ते फार महाग पडलं.

मग चिरंजीवांनी लाल किरणाची छोटी विजेरी आणली. भिंतीवर ठिपका नाचवला की चिंगी वेडी होऊन धावे. खुर्चीतून न उठता मांजर खेळवायची ही युक्ती मला फारच पसंत पडली. पण विजेरी बंद केल्यावर चिंगी कपाटाच्या मागे, भिंतीच्या कडेला, तो ठिपका अर्धा अर्धा तास हुंगत फिरे, आणि तिसऱ्या रात्री तिनं माझाच अंगठा धरला. खरंच आहे. धावधाव धावायचं आणि पंजाखाली काहीच लागायचं नाही! मी इतकी वर्षं पगारवाढीची वाट पाहिली आहे, मला तिची अवस्था समजायला हवी होती. विजेरी कपाटात गेली.

मांजरांना वेड लावणारी म्हणून प्रसिद्ध असलेली कॅटनिपची पुडीही आली. ती तीनांपैकी साधारण दोन मांजरांनाच चढते. चिंगी तिसरी निघाली.

शेवटी काम झालं ते फुकटात. आईनं आपल्या ट्रंकेतून वडिलांची वेताची छडी काढून दिली. वडील शाळेत मास्तर होते. त्या छडीनं माझं गणित सुधारलं नाही, पण चिंगीची वागणूक सुधारली. छडीच्या टोकाला हातभर जाड सुती दोरी, आणि दोरीला माझ्या जुन्या पाकिटाचा उंदराएवढा चामड्याचा तुकडा.

पहिल्या दिवशी नातीनं तो तुकडा चिंगीच्या नाकासमोर नाचवला. चिंगी मागे सरली. नात हिरमुसली. आई खुर्चीतून सगळं पाहत होती. ती म्हणाली, "अगं, कुठला उंदीर आपणहून मांजराच्या तोंडात येतो? आण इकडे." आणि तिनं छडी हातात घेतली.

वाचकहो, मी तुम्हाला काय सांगू! तुकडा चिंगीपासून दूर निघाला. थोडा सरपटला. थांबला. खुर्चीच्या पायामागे दिसेनासा झाला आणि तिथून नुसतं टोक हललं. चिंगीची बुबुळं मोठी झाली, बूड हलायला लागलं आणि झेप! आईनं दोन वेळा हुलकावणी दिली आणि तिसऱ्या वेळी तुकडा मुद्दाम पकडू दिला. चिंगीनं तो मागच्या पायांनी लाथाडला, चावला, तोंडात धरून टेबलाखाली नेला. "कोठीच्या खोलीत बसून तांदूळ निवडताना आयुष्यभर हेच तर पाहिलं," आई म्हणाली. मग छडी खाली ठेवत, कुणाकडे न पाहता, तिनं आणखी एक वाक्य टाकलं: "तिलाही इथे कुणी काही करू देत नाही रे."

तिनं "तिलाही" म्हटलं. मी चष्मा पुसायला घेतला.

चाळ सोडून आईला आमच्याकडे येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. गॅसजवळ जाऊ नको, स्टुलावर चढू नको, भाजी मी आणतो, तू बस. ते आम्ही प्रेमानंच म्हणत होतो.

छडी त्या दिवसापासून आईकडे आहे. खेळ खुर्चीत बसून होतो आणि मांजर पायापासून तीन हात लांब राहते. तिन्हीसांजेला दिवा लावण्याआधी एकदा आणि रात्री पावणेनऊला एकदा, दहा दहा मिनिटं. खेळ जेवणाच्या आधी, भुकेल्या पोटी, कारण भुकेली मांजर जास्त रंगून खेळते. शेवटी शिकार पंजात आणि लगेच वाटी समोर. मग ती तोंड पुसते आणि झोपते. पहाटे चारला आमच्या अंगावरून होणारी घोडदौडही कमी झाली.

इंग्लंडात एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाहेर हिंडणाऱ्या घरच्या मांजरांशी मालकांनी रोज पाच-दहा मिनिटं असा खेळ खेळला, तर त्यांनी मारून घरी आणलेली शिकार सुमारे पावपट कमी झाली. आमच्याकडे शिकार म्हणजे आईचा घोटा, आणि ती शंभर टक्के थांबली. अर्थात एका घोट्यावरून शास्त्र ठरत नाही.

मधे पंधरा दिवसांनी चिंगीला छडीचा कंटाळा आला. पडून नुसती बघायची. आमच्या हिनं निदान केलं, "रोज तीच भाजी कोण खाईल?" योगायोग असा, की साउदम्प्टनच्या संशोधकांनी २००२ साली हेच दाखवलं होतं. तीच वस्तू पुन्हा पुन्हा दिली की खेळ झपाट्यानं ओसरतो आणि वस्तू बदलली की पुन्हा उसळतो. तेव्हापासून दोरीचं टोक बदलतं. आज चामडं, उद्या पुठ्ठ्याची सुरळी, परवा कापडी बोळा. बाकीचं बिस्किटांच्या डब्यात बंद. दुपारचं थोडं कोरडं खाणं अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खळग्यांत लपवतो, ते ती पंजानं उकरत अर्धा तास घालवते. खिडकीशी एक स्टूल आहे, तिथून जाळीपलीकडच्या कबुतरांकडे पाहून दात कचकचवणं हा तिचा सकाळचा उद्योग. आणि ती नुसती टक लावून बसली, शेपटीचं टोक तेवढं हलतंय, तर ती खेळत नाही असं समजू नका. निम्मी शिकार डोळ्यांनीच असते. हात मात्र कधी खेळायला देऊ नये. पिल्लू असताना मी बोटं नाचवत असे, आणि मोठी झाल्यावर ती माणसाला चावते म्हणून ओरडलो तोही मीच.

दिवाळीच्या दिवसांत एक गोष्ट विसरू नका. खेळ संपला की दोरी कपाटात. गेल्या दिवाळीत आमच्या आकाशकंदिलाची एक झिरमिळी खाली आली आणि चिंगीच्या तोंडातून तिचं टोक लोंबताना दिसलं. सुदैवानं ती दातांतच अडकली होती. दोरा किंवा झिरमिळी गिळली गेली की आतड्याला चुण्या पडतात आणि जिवावर बेतते. टोक बाहेर दिसलं तरी ओढायचं नाही, तसंच डॉक्टरांकडे न्यायचं. यंदा आमचा कंदील बिनझिरमिळ्यांचा आहे. शेजारी त्याला टकला कंदील म्हणतात.

फटाके सुरू झाले की खेळ बंद. आपल्याला जो आवाज नकोसा होतो तो तिच्या कानांना किती असेल! त्या वेळी ती कपाटाखाली त्या सातशे रुपयांच्या खोक्यात असते, तिला ओढून काढायचं नाही आणि छडी दाखवून फुसलवायचंही नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी खेळ दुपारी चारलाच उरकून घेतो.

हुकूम तसा अजून तहकूबच आहे, रद्द केल्याचं मी कुणाला सांगितलेलं नाही. नात बोलायला लागली. आईचा पाय बरा झाला, आणि गेल्या महिन्यात तिनं स्टुलावर चढून... पण ते पुढच्या खेपेला, कारण आता पावणेनऊ वाजलेत, चिंगी कपाटासमोर बसून माझ्याकडे पाहते आहे आणि आतून आईची हाक आली आहे, "अरे, लेख उद्या लिही. माझी छडी कुठे ठेवलीस?"