शेतकऱ्याची बंदूक आणि सत्तेची सोय

मालवण तालुक्यातील धामापूर हे गाव तेथील तलावामुळे सर्वांस परिचित आहे. विजयनगरच्या अमदानीत, सन १५३० मध्ये, नागेश देसाई यांनी बांधलेल्या या तलावाच्या पाण्यावर पोफळीच्या व माडांच्या बागा उभ्या राहिल्या. डोंगरउतारावरील रान आणि खालची शेती यांच्यामध्ये कोकणात फारसे अंतर नसते. दिवसा शेतकऱ्याचे असलेले शेत रात्री रानडुकरांचे होते. भात पोटरीला आले की राखणीला सुरुवात होते. मळ्यात माच बांधावा, पत्र्याचा डबा वाजवावा, फटाका लावावा, आणि ज्याच्याजवळ परवाना असेल त्याने ठासणीच्या बंदुकीचा एखादा बार काढावा, ही येथील पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे.

नेमक्या याच दिवसांत ही बंदूक पोलीस ठाण्यात जाऊन पडते. निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागू झाली, की परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा निघतात. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २००४ व २००९ साली १३ ऑक्टोबरला, २०१४ साली १५ ऑक्टोबरला, २०१९ साली २१ ऑक्टोबरला आणि २०२४ साली २० नोव्हेंबरला झाले. कोकणातील निमगरवे आणि गरवे भात पिकून कापणीला येण्याचा काळही हाच. २०२४ साली तर लोकसभेची घोषणा १६ मार्चला झाली आणि निकाल ४ जूनला लागले; विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली आणि मतमोजणी २३ नोव्हेंबरला झाली. म्हणजे एका वर्षात जवळजवळ १२० दिवस आचारसंहितेखाली गेले. पहिल्या खेपेस काजू आणि उन्हाळी पीक, दुसऱ्या खेपेस भात. शेतीचे पंचांग आणि निवडणुकीचे पंचांग एकमेकांवर असे आदळते, आणि नुकसान मात्र नेहमी एकाच्याच पदरी पडते.

शेती संरक्षणाच्या बंदुकांना या सक्तीतून वगळावे, अशी निवेदने कोकणातील शेतकरी देत आले आहेत. कित्येकांना आता वाटू लागले आहे की निवेदनांनी भागत नाही; राज्य विधिमंडळानेच कायदा करावा आणि कोणत्याही असाधारण काळात, मग ती निवडणूक असो, दंगल असो वा आणीबाणी असो, शेतकऱ्याची बंदूक काढून घेतली जाणार नाही अशी हमी द्यावी. या मागणीमागील वेदना खरी आहे. परंतु मागणी न्याय्य असणे वेगळे आणि ती योग्य शब्दांत, योग्य दारी मांडली जाणे वेगळे. चळवळीच्या कार्यकर्त्यांनी हा भेद लक्षात घेतला पाहिजे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी अशी बंदूक हवी असेल आणि अर्जदार अन्यथा अपात्र नसेल, तर परवाना देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविलेले आहे. ठासणीची बंदूक अपुरी पडते अशी खात्री पटल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याचीही तरतूद आहे. याचा अर्थ इतकाच की, संसदेने ही बंदूक मानमरातबाची वस्तू किंवा स्वसंरक्षणाचे हत्यार म्हणून पाहिली नाही. नांगर, कोयता आणि पाटाचे पाणी यांच्याच पंक्तीला तिला बसविले. ती उत्पादनाचे साधन आहे. एखाद्याचा नांगर पेरणीच्या दिवसांत जप्त करून पावसाळा संपल्यावर परत दिला, तर नांगर परत मिळाला असे कोणी म्हणेल काय?

तोच कायदा कलम १७ मध्ये सांगतो की, सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता यांसाठी आवश्यक वाटल्यास परवाना निलंबित वा रद्द करता येतो. परंतु तसा आदेश लेखी हवा आणि त्याची कारणे नोंदवली पाहिजेत. कलम १८ अपिलाची वाट मोकळी ठेवते. निवडणूक आयोगाच्या सूचनांचेही मूळ असेच आहे. मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका याचिकेनंतर आयोगाने २००९ साली ज्या सूचना दिल्या, त्यांत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती नेमून परवान्यांचा आढावा घेण्यास सांगितले. जे जामिनावर सुटलेले आहेत, ज्यांचा गुन्हेगारीचा इतिहास आहे, जे पूर्वी, विशेषतः निवडणुकीच्या काळात, दंगलीत सापडलेले आहेत, अशांचा त्यात विशेष उल्लेख आहे. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानेही सर्वांना सरसकट शस्त्रे जमा करावयास लावणे बेकायदेशीर ठरविले. तेव्हा कायदा माणसागणिक विचार करावयास सांगतो, आणि प्रशासन मात्र गठ्ठ्याने नोटिसा काढते. शंभर शेतकऱ्यांचा स्वतंत्र विचार करण्याचे कष्ट घेण्यापेक्षा शंभरांचीही बंदूक कोठडीत ठेवणे सोपे असते. सुरक्षिततेच्या नावाखाली पुष्कळदा सोयीचेच राज्य चालते.

यातील विसंगती तर उघड आहे. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या नेमबाजांना या जमा करण्यातून सवलत आहे. स्पर्धेच्या सरावासाठी बंदूक जवळ असणे आवश्यक मानणारी व्यवस्था वर्षाची बेगमी राखण्यासाठी बंदूक जवळ असणे आवश्यक मानीत नाही! नेमबाजांविषयी कोणाचीही तक्रार नाही. पण खेळाला जे समजून घेतले जाते, ते श्रमाला का समजून घेतले जाऊ नये?

आता राज्याच्या कायद्याचा प्रश्न. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय संघसूचीत आहे. विधिमंडळाने एकमताने विधेयक संमत केले तरी ते टिकणार नाही. मुंबईत किंवा नागपुरात अधिवेशनाच्या वेळी जी आश्वासने दिली जातात, त्यांचे मोल यावरून ठरवावे. खरी वाट त्याच शस्त्र अधिनियमाच्या कलम ४१ मध्ये आहे. केंद्र सरकारला लोकहितासाठी एखाद्या वर्गाला किंवा प्रदेशाला कायद्यातील तरतुदींतून सूट देता येते. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून अशी सूट आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढविली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरविली. मात्र कोडगूची सूट वंश आणि जमीनधारणेचा प्रकार यांवर उभी आहे. कोकणाने ती जशीच्या तशी मागू नये. येथील मागणी जातीच्या वा वतनाच्या नावाने होता कामा नये. ती कसणाऱ्याच्या नावाने झाली पाहिजे. जो जमीन कसतो, मग तो मालक असो वा कूळ, त्याच्या पिकाच्या राखणीसाठी दिलेल्या परवान्याला माणसागणिक कारण दिल्याशिवाय हात लावू नये, एवढीच ती मागणी असावी.

येथे एका दूरच्या उदाहरणाचा उल्लेख आवश्यक आहे, कारण तेथून येणारे विचार आपल्याकडेही पसरत आहेत. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर कॅटरिना वादळात बुडाले, तेव्हा पोलिसांनी नागरिकांच्या बंदुका काढून घेतल्या. त्यावर तेथील बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेने मोहीम उभारली. २००६ साली लुइझियाना राज्याने आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने आपत्तीच्या काळात कायदेशीर बंदुका जप्त करण्यास मनाई केली. पुढे अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. मोहीम संघटित होती, तिच्यापासून चिकाटी शिकण्यासारखी आहे. पण तिचा पाया आपल्या कामाचा नाही. तेथे बंदूक ही शेजाऱ्याविषयीच्या भीतीतून आणि शस्त्रांच्या बाजारातून वाढते. पुरात बुडालेल्या गरीब वस्तीला होड्या, अन्न आणि औषधे वेळेवर का मिळाली नाहीत हा प्रश्न मागे पडला आणि बंदुकीचा हक्क पुढे आला. धामापूरच्या शेतकऱ्याला शेजाऱ्याचे भय नाही. त्याला भय आहे ते एका रात्रीत आडव्या होणाऱ्या भाताचे.

आपल्या स्वातंत्र्यलढ्याने याबाबत अधिक शहाणा विचार केला होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिशांनी भारतीय जनतेला निःशस्त्र केले. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे जे अकरा मुद्दे ठेवले, त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत आणि त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, असा एक मुद्दा होता. अहिंसेच्या उपासकाने ही मागणी करावी यात विरोध नाही. शस्त्र कोणी बाळगावे हे परक्या सत्तेच्या मर्जीने ठरू नये, हे तिचे मर्म होते. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदविला गेला. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत हरी विष्णु कामथ यांनी तो मूलभूत हक्कांत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. पुढे प्रजा समाजवादी पक्षात आलेले हेच कामथ संविधानातील आणीबाणीच्या तरतुदींचेही कडवे टीकाकार होते. डॉ. आंबेडकरांनी त्यांच्या दुरुस्तीला विरोध केला आणि सभेने ती फेटाळली. समाजाला धोका असलेल्या व्यक्तींपासून शस्त्र दूर ठेवण्याची सत्ता राज्याकडे असलीच पाहिजे, ही आंबेडकरांची भूमिका आजही योग्य वाटते. परंतु ती सत्ता कारण न देता, सरसकट वापरावी असे त्यातून निघत नाही.

आणि कारण न देणाऱ्या सत्तेचा अनुभव या किनारपट्टीने घेतलेला आहे. २५ जून १९७५ पासून २१ मार्च १९७७ पर्यंत माणसे कारण न सांगता तुरुंगात टाकली गेली. तेव्हा हा भाग ज्या राजापूर मतदारसंघात होता, तेथील खासदार मधु दंडवते यांनाही बंगळूरच्या तुरुंगात राहावे लागले. तुरुंगवास आणि बंदूक जमा करण्याची नोटीस यांची तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. तरी दोहोंच्या मुळाशी असलेली वृत्ती ओळखता आली पाहिजे. काळ असाधारण आहे, म्हणून प्रत्येकाचा विचार करण्याची गरज नाही, ही ती वृत्ती. मोठ्या आणीबाणीला सरावलेले मन लहान आणीबाण्यांतूनच घडत असते.

अर्थात या प्रश्नाची दुसरी बाजूही कार्यकर्त्यांनी लपवू नये. पीक संरक्षणाच्या नावाने घेतलेल्या बंदुकीने कोकणात शिकार होते, हे सर्वांना ठाऊक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय रानडुक्कर मारणे हा गुन्हा आहे. गव्याला तर सर्वोच्च संरक्षण आहे. म्हणून या बंदुकीचे खरे काम आवाजाने जनावर परतवणे एवढेच आहे, आणि ज्याने तिचा गैरवापर केला त्याचा परवाना जरूर जावा. तसेच ज्यांच्याजवळ बंदूकच नाही अशा शेतकऱ्यांची, कुळांची आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांची संख्या परवानाधारकांहून कितीतरी मोठी आहे. मुलगे मुंबईला, घरात वृद्ध माणसे, आणि राखणीला कोणी नाही म्हणून पडीक टाकलेले मळे हे आजच्या कोकणाचे चित्र आहे. बंदूक परत मिळाली तरी त्यांचे भात वाचत नाही. वनखात्याची नुकसानभरपाई पंचनाम्यात अडकून न पडता वेळेवर मिळणे आणि गावाने राखण सामुदायिकपणे करणे, या मागण्या बंदुकीच्या मागणीच्या बरोबरीने आल्या नाहीत तर चळवळ काही थोड्या बागायतदारांची होऊन राहील.

म्हणून करावयाचे काम स्पष्ट आहे. गांधीजींच्या मुद्द्यातील लोकनियंत्रण हा शब्द आज ग्रामसभेच्या रूपाने प्रत्यक्षात आणता येतो. प्रत्येक गावाच्या ग्रामसभेने निवडणुकीच्या आधीच ठराव करून कोणत्या परवान्यांचा वापर खरोखर शेतीसाठी होतो हे कळवावे. कोणाविषयी तक्रार असेल तर तीही निर्भीडपणे नोंदवावी. छाननी समितीने तो ठराव विचारात घ्यावा आणि ज्याची बंदूक जमा करावयाची त्याला लेखी कारण द्यावे, असा आग्रह जिल्हाधिकाऱ्यांपुढे धरावा. राज्य विधिमंडळाकडे न टिकणारे विधेयक मागण्याऐवजी कलम ४१ खाली केंद्राने अधिसूचना काढावी अशी शिफारस करणारा ठराव मागावा. कारण न देता नोटीस आली तर तिच्याविरुद्ध अपील करावे आणि ते अपील शेतकऱ्याने एकट्याने नव्हे, तर गावाने मिळून लढवावे.

निवडणूक ही लोकशाहीची सुगी आहे असे म्हणतात. त्या सुगीसाठी शेतकऱ्याने आपल्या सुगीवर पाणी सोडावे, ही अट मात्र लोकशाहीत कोठेही लिहिलेली नाही. मतपेटीचे रक्षण झालेच पाहिजे. पण ज्याच्या मताने ती पेटी भरावयाची, त्याच्या शेताचे रक्षणही त्याच राज्याचे कर्तव्य आहे, आणि हे कर्तव्य आचारसंहितेच्या काळात स्थगित होत नाही.