गळती आधी शोधा

दहावी झालेल्या मुलाने पुढे काय करावे, असे पालक वारंवार विचारतात. फ्रिज व वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय त्यांनी अवश्य विचारात घ्यावा. आयटीआयमध्ये हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तांब्याच्या नळ्या जोडणे, काँप्रेसर तपासणे, वीजजोडणी करणे हे तेथे शिकवतात. पुढे उमेदवारीत हात बसतो.

परंतु खरी परीक्षा गिऱ्हाइकाच्या घरी होते. फ्रिजमधील वायू बंद नळ्यांतून फिरत असतो. दिव्यातल्या तेलासारखा तो जळून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठे तरी गळती आहेच. ती न शोधता नुसता वायू भरणे सोपे. पैसे आजही मिळतात आणि काही महिन्यांनी पुन्हा मिळतात. बिचाऱ्या गृहिणीला यातले काही कळत नाही. त्यातच नव्या घरगुती फ्रिजांत बहुधा आर-६००ए हा ज्वालाग्राही वायू असतो. तेथील हयगय जिवावरही बेतू शकते.

मुलांनो, आधी गळती शोधा, ती सांधा, मगच वायू भरा. प्रमाणपत्र संस्था देईल. विश्वास मात्र, कोणी पाहत नसताना केलेल्या चोख कामातूनच मिळवावा लागतो.