गाडी 'पाणी खाते' म्हणे! आधी तपासा, मग हेड उतरवा

स्पष्टच लिहितोय, कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

आपल्या मुरबाड-शहापूर भागात गाडीतलं कूलंट कमी व्हायला लागलं की गॅरेजवर एकच निदान मिळतं, "साहेब, इंजिन पाणी खातंय. हेड उतरवावं लागेल." बोनेट उघडून दोन मिनिटं झालेली नसतात. प्रेशर लावून बघितलेलं नसतं, गाडी कुठे चालते ते विचारलेलं नसतं. पण खर्चाचा आकडा मात्र तयार असतो, तोही पाच आकडी.

मित्रांनो, इंजिन पाणी खात नाही, पाणी कुठून तरी जातं. ती जागा शोधणं हे कामच आहे, आणि तेच काम सोडून बाकी सगळं करण्याची आपल्याकडे पद्धत पडलीय.

कूलिंग सिस्टिम बंद असते. रेडिएटर, पाइप, वॉटर पंप, इंजिनच्या आतले मार्ग, छोटी टाकी आणि तिचं टोपण, एवढाच तिचा संसार. हे टोपण म्हणजे नुसतं झाकण नाही, ते आत दाब धरून ठेवतं. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं, पण १ बार जास्तीचा दाब असेल तर तेच पाणी १२० च्या आसपास उकळतं. कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहूनही वर. दाब गेला की चढावर गाडी उकळणारच.

आता माझ्याच गाडीचं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी टाकी अर्धी व्हायची. खाली थेंब नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही, ऑइल स्वच्छ. एका गॅरेजने हेड गॅस्केट सांगितलं. दुसऱ्याने लीकेज बंद करायची पावडर टाकू म्हणून सांगितलं. दोघांनाही मी एकच विचारलं, "पाणी जातंय कुठून, ते दाखवा." दोघांकडेही उत्तर नव्हतं.

तिसरा मिस्त्री वयस्कर. त्याने पान्याला हात लावण्याआधी प्रश्न केला, "पाणी मुरबाडला जाऊन-येऊन कमी होतं, की आळेफाट्याला?" मी आठवून सांगितलं, माळशेज चढून आलो की कमी होतं, कल्याणच्या फेऱ्यांना होत नाही. मग त्याने थंड इंजिनाला हातपंप लावून दाब दिला. वीस मिनिटं काटा हलला नाही. म्हणजे रेडिएटर, पाइप, पंप बाहेरून ठीक. नंतर तोच पंप टोपणाला लावला. टोपणावर १.१ छापलेलं, पण त्याच्या निम्म्यावरच ते दाब सोडत होतं. चढावर पाणी तापलं की वाफ बाहेर आणि वाऱ्यावर सुकून जाणार, मग घरी अंगणात डाग कसला दिसणार? नवीन टोपण साडेतीनशे रुपयांना बसलं. तेव्हापासून टाकीतली रेघ हललेली नाही.

आता कुणी म्हणेल, प्रत्येक वेळी टोपणच असतं का? नाही. गॅस्केट खरोखर जातात आणि तेव्हा हेड उतरवावंच लागतं. माझं भांडण हेड उतरवण्याशी नाही, न बघता उतरवण्याशी आहे. बघायची एक पायरी-पायरीची रीत आहे, ती कुणीही समजू शकतो:

१. गाडी पूर्ण थंड असताना सपाट जागी टाकीवर खूण करा, आणि किती किलोमीटरमध्ये, कोणत्या रस्त्यावर पातळी उतरली ते वहीत लिहा. ही अर्धी तपासणी झाली.

२. पाइपांचे जोड, क्लिपा, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघा. गरम इंजिनावर गळलेलं कूलंट सुकतं, पण पांढरी, हिरवी किंवा गुलाबी खपली मागे सोडतं.

३. डॅशबोर्डच्या खालचं मॅट चिकट लागतंय का? आत गोडसर वास येतो का? मग हीटरची छोटी जाळी गळतेय. आपण हीटर कधी लावत नाही म्हणून तिकडे कुणी बघतच नाही.

४. थंड इंजिनाला प्रेशर टेस्ट, आणि टोपणाची वेगळी टेस्ट.

५. इथपर्यंत काहीच सापडलं नाही, तरच आतला संशय. टाकीतल्या हवेत इंजिनचा धूर मिसळतोय का हे रंग बदलणाऱ्या निळ्या द्रावणाने कळतं. ते पिवळं पडलं तर गॅस्केटवर बोला. नव्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर असतो. तो आतून फुटला तर कूलंट थेट सायलेन्सरच्या वाटेने जातं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. त्यात निष्कारण हेड उतरवलं जातं.

आता आपल्या बाजूचंही बोलू. मिस्त्रीने तपासणीचे तीनशे रुपये मागितले की आपण म्हणतो, "नुसतं बघायचे पैसे?" मग तो बघायचं सोडतो आणि पार्ट विकतो. पोट त्यालाही आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेली पोरं गॅरेजवर येतात, आणि तिथे त्यांना पहिला धडा मिळतो, "पाणी टाक, गाडी सोड." शिकलेलं निदान महिन्याभरात गंजतं. निदानाला किंमत द्या, निदान करणारे तयार होतील.

आणि हे 'पाणी टाक, गाडी सोड' कुठे चालतं बघा. मोरोशीच्या पुढे एप्रिल-मेमध्ये बोनेट उघडून उभ्या गाड्या, ड्रायव्हर रिकामी बाटली घेऊन पाड्यावर. ज्या पाड्यावर बाया दोन हंड्यांसाठी विहिरीवर ताटकळतात, तिथलं पाणी आपल्या फुटक्या रेडिएटरला! भातसा-तानसा उशाशी आणि शहापुरात टँकर, हे दुखणं आपल्याला ठाऊक आहे. पाणी कुठे जातंय हे न विचारता वरून ओतत राहायची सवय आपल्या हाडात भिनलीय की काय?

शिवाय बोअरचं जड पाणी ओतत राहिलात तर क्षार बसून रेडिएटर आतून बुजतो. पावडरीने गळतीसोबत हीटरच्या नळ्याही बंद होतात. काळी-पिवळी आणि इकोमध्ये दहा-दहा माणसं बसवून घाट चढणाऱ्या चालक बंधूंनी हे जास्त मनावर घ्यावं. अर्ध्या घाटात, दरडीखाली, वळणावर बंद पडलेली गाडी म्हणजे आतल्या सगळ्यांच्या जिवाशी खेळ.

माझं म्हणणं थोडक्यात. गॅरेजवाल्यांनी तपासणीचा दर भिंतीवर लिहावा आणि तपासणीत काय निघालं ते कागदावर द्यावं. ग्राहकांनी तो दर कुरकुर न करता द्यावा, पण लेखी अंदाज आणि काढलेला जुना पार्ट परत मागावा. तरीही फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी हा तक्रारीचा विषय आहे, जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बिल मात्र जपून ठेवा. बिनबिलाचा धंदा करून न्याय मागता येत नाही.

दोन गोष्टी जिवाच्या. गरम गाडीचं टोपण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि जुनं कूलंट गटारात, गोठ्याजवळ ओतू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-गुरं चाटतात आणि मरतात.

पुढच्या वेळी कुणी "पाणी खाते" म्हणाला की फक्त एवढं विचारा: "कुठून जातंय, दाखवा." दाखवलं तर काम द्या. नाही दाखवलं तर चावी परत घ्या.

तपासून मगच काम करणारा मिस्त्री तुमच्या गावात असेल तर कमेंटमध्ये त्याचं गाव जरूर सांगा. चांगल्या माणसाचं काम वाढलं पाहिजे.